सूर्यास्ताच्या रंगांचे गणित : लॉर्ड रॅले

सूर्यास्ताचे छायाचित्र काढण्याचा मोह बहुतेकांना होतो. पण छायाचित्र हाती आल्यावर त्यात कित्येक विलक्षण गोष्टी आढळतात. एरवी वाटोळे दिसणारे सूर्यबिंब क्षितिजापाशी वरून-खालून दाबल्यासारखे चपटे दिसते. दुपारी डोळे दिपवणारा पांढराशुभ्र सूर्य तांबडालाल झालेला असतो. कधी त्याच्यापासून चांदणीसारखे अणकुचीदार किरण निघालेले दिसतात, तर कधी प्रत्यक्ष आकाशात नसलेले रंगीत ठिपके चित्रात एका ओळीत उमटलेले असतात. यांतील काही चमत्कार हवेचे असतात, तर काही कॅमेऱ्याचे. हवेचे कोणते आणि कॅमेऱ्याचे कोणते, हे ओळखायचे असेल, तर प्रकाश हवेतून, भिंगातून आणि लहानशा छिद्रातून कसा जातो, हे जाणून घ्यावे लागते. ज्यांच्या संशोधनामुळे हे ज्ञान पक्क्या पायावर उभे राहिले, त्यांत इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे नाव अग्रभागी आहे. दिवसा आकाश निळे का आणि संध्याकाळी सूर्य लाल का, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, हे त्यांनी गणिताने दाखवून दिले.

रॅले यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात झाला. घराणे सरदारांचे होते. टर्लिंग या गावी त्यांचा मोठा वाडा होता आणि भोवती हजारो एकर जमीन होती. अशा घरातील थोरल्या मुलाने शेतीवाडी सांभाळावी, राजकारणात भाग घ्यावा आणि समाजात मानाने वावरावे, अशी तेव्हाची रीत होती. जॉनची प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूक होती. नामांकित शाळांत त्याला घातले गेले, पण आजारपणामुळे शिक्षण पुन्हापुन्हा खंडित झाले. अखेर शाळा सोडून खाजगी शिक्षकाकडे राहून त्याने अभ्यास पुरा केला. शिक्षणाची वाट अशी तुटक असली, तरी ज्ञानाची ओढ तुटली नाही.

१८६१ मध्ये जॉन केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला. तेथे गणिताची अवघड परीक्षा असे. १८६५ मध्ये त्या परीक्षेत तो पहिला आला. प्रकाशाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले प्राध्यापक स्टोक्स यांची व्याख्याने त्याने तेथेच ऐकली. व्याख्यानाच्या वेळी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्याची स्टोक्स यांची पद्धत त्याच्या मनावर ठसली. तथापि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, अशी सोय त्या काळी विद्यापीठात नव्हती. म्हणून पदवीनंतर त्याने स्वतःच उपकरणे मिळवली आणि टर्लिंगच्या वाड्यातच आपली प्रयोगशाळा उभी केली. सरदार घराण्यातील तरुणाने असे काम पत्करावे, हे आप्तांपैकी अनेकांना विचित्र वाटले. त्याने मात्र आपला मार्ग बदलला नाही.

त्या काळी आकाशाचा निळा रंग हे शास्त्रज्ञांपुढचे मोठे कोडे होते. हवा तर रंगहीन आहे; मग आकाशाला रंग कोठून येतो? हवेत पाण्याचे अतिसूक्ष्म पोकळ बुडबुडे तरंगत असतात आणि त्यांच्या पातळ पापुद्र्यामुळे निळा रंग दिसतो, असे काही विद्वान मानत. १८६९ च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी एक सुंदर प्रयोग केला. काचेच्या नळीत त्यांनी बाष्पाचे अत्यंत बारीक कण तयार केले आणि त्यांवर तीव्र प्रकाशझोत सोडला. कण पुरेसे बारीक असताना झोत बाजूने पाहिल्यास निळा दिसे. कण मोठे होत गेले, की तोच झोत पांढुरका होई. बारीक कण प्रकाश विखुरतात आणि त्यात निळा रंग अधिक असतो, हे यावरून दिसले. परंतु निळाच का आणि किती अधिक, याचे उत्तर प्रयोगाने दिले नाही.

ते उत्तर १८७१ मध्ये जॉन स्ट्रट यांनी दिले. त्यांची विचारपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. प्रकाश ही लहर आहे. प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी असते. तांबड्याची जास्त, निळ्याची कमी. कण जर या तरंगलांबीपेक्षा पुष्कळच लहान असेल, तर त्याने विखुरलेला प्रकाश कशावर अवलंबून राहील? कणाच्या आकारमानावर, कणापासूनच्या अंतरावर आणि तरंगलांबीवर. या राशींची एकके परस्परांशी जुळलीच पाहिजेत, एवढ्या साध्या अटीवरून त्यांनी एक नियम काढला. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हा तो नियम. याचा अर्थ असा, की तरंगलांबी निम्मी झाली, तर विखुरणे दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सोळा पट होते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० आणि तांबड्याची सुमारे ६५० नॅनोमीटर धरली, तर निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो.

केवळ कागदावरच्या गणितावर ते थांबले नाहीत. माथ्यावरच्या आकाशाचा प्रकाश आणि पांढऱ्या कागदातून पसरलेला सूर्यप्रकाश यांची त्यांनी एकेका रंगागणिक तुलना केली. आकाशाच्या प्रकाशात निळा भाग जितका अधिक असायला हवा, असे गणित सांगत होते, जवळजवळ तितकाच तो आढळला. प्रकाशाच्या या विखुरण्याला आज रॅले विकिरण असे म्हणतात.

याच नियमाने सूर्यास्ताचा उलगडा होतो. दुपारी सूर्य माथ्यावर असताना त्याच्या किरणांना हवेचा थर सरळ उभा ओलांडावा लागतो. सूर्य क्षितिजाला टेकतो, तेव्हा तेच किरण हवेतून तिरपे येतात आणि त्यांना दुपारच्या सुमारे ३८ पट हवा पार करावी लागते. या दीर्घ प्रवासात जांभळा आणि निळा प्रकाश वाटेतच इतस्ततः विखुरला जातो, हिरवाही बराचसा गळतो. डोळ्यांपर्यंत सरळ पोहोचतो तो मुख्यतः नारिंगी आणि तांबडा प्रकाश. जो निळा प्रकाश एका ठिकाणच्या सूर्यास्तातून वजा झालेला असतो, तोच दुसऱ्या ठिकाणी, जेथे अजून दिवस आहे, आकाशाची निळाई बनलेला असतो.

१८७१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. या वर्षी एव्हलिन बाल्फोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एव्हलिन यांचे बंधू आर्थर बाल्फोर पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. विवाहानंतर थोड्याच काळात, १८७२ मध्ये, जॉन यांना संधिवाताच्या तीव्र तापाने गाठले. जिवावरचे दुखणे होते. प्रकृती सुधारावी म्हणून त्यांनी पत्नीसह इजिप्तचा प्रवास केला आणि नाईल नदीत नौकेवर मुक्काम ठोकला. तेथे प्रयोगशाळा नव्हती, उपकरणे नव्हती. तरीही त्या विश्रांतीच्या दिवसांत त्यांनी ध्वनिशास्त्रावरील एका मोठ्या ग्रंथाच्या लेखनास प्रारंभ केला. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्वनीच्या अभ्यासकांना तो ग्रंथ आजही उपयोगी पडतो.

१८७३ मध्ये वडिलांचे निधन झाले. जॉन स्ट्रट हे तिसरे लॉर्ड रॅले झाले आणि सुमारे ७००० एकरांच्या जमिनीची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. शेतीच्या शास्त्राची त्यांना चांगली जाण होती. पण शेतीचा कारभार आणि संशोधन या दोहोंना पुरेसा वेळ देणे शक्य नव्हते. १८७६ मध्ये त्यांनी जमिनीची व्यवस्था धाकटे बंधू एडवर्ड यांच्याकडे सोपवली आणि स्वतः विज्ञानाला वाहून घेतले.

१८७३ मध्येच त्यांना विख्यात शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे एक पत्र आले. बारीक कणांऐवजी हवेचे रेणूच प्रकाश विखुरत असतील, तर त्यावरून रेणूंविषयी काही अनुमान काढता येईल का, असा मॅक्सवेल यांच्या पृच्छेचा आशय होता. प्रश्न मूलभूत होता. आकाशाची निळाई धुळीची की खुद्द हवेची? त्या काळी रेणू आहेत की नाहीत, याविषयीही शास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. घाईने उत्तर देणे रॅले यांच्या स्वभावात नव्हते. तो प्रश्न त्यांनी मनात जपून ठेवला.

१८७९ मध्ये मॅक्सवेल यांचे अकाली निधन झाले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुखपद रिकामे झाले आणि ते रॅले यांच्याकडे आले. त्या सुमारास शेतमालाचे भाव पडल्याने त्यांच्या इस्टेटीचे उत्पन्न घटले होते. पद स्वीकारण्यामागे तेही एक कारण होते. १८८४ पर्यंत त्यांनी हे काम सांभाळले. विद्यार्थ्यांना स्वतः प्रयोग करण्याची जी संधी त्यांना मिळाली नव्हती, ती त्यांनी इतरांना मिळवून दिली. १८८२ मध्ये तेथील वर्ग स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने खुले झाले. विजेच्या एककांची अचूक मापे ठरवण्याचे मोठे काम त्यांनी येथे केले. त्यात त्यांच्या मेहुणी एलिनॉर सिज्विक यांचे मोलाचे साहाय्य होते. एलिनॉर पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या.

पद सोडल्यावर रॅले टर्लिंगच्या आपल्या प्रयोगशाळेत परतले. १८८७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडल यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. ज्यांच्या प्रयोगाचे गणित त्यांनी मांडले होते, त्यांचेच आसन त्यांना मिळाले.

छायाचित्रणाची आवड रॅले यांना तरुणपणापासून होती. पण छंद म्हणून हाती घेतलेल्या गोष्टीतही ते नियम शोधत. काचेवर अतिशय जवळजवळ रेघा ओढून बनवलेली, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी फार महाग असे. छायाचित्रणाच्या साह्याने तिच्या नकला कशा काढता येतील, याचा त्यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत अभ्यास केला. १८९१ मध्ये त्यांनी भिंगाशिवाय, केवळ टाचणीच्या छिद्रातून छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याचा विचार मांडला. छिद्र मोठे असेल, तर चित्र धूसर होते. म्हणून छिद्र लहान करत जावे, तर एका मर्यादेनंतर चित्र पुन्हा धूसर होऊ लागते. कारण अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाशलहरी कडांपाशी वळून पसरतात. यालाच विवर्तन म्हणतात. सर्वांत स्पष्ट चित्रासाठी छिद्र नेमके केवढे असावे, याचे गणित रॅले यांनी करून दाखवले. दोन जवळजवळचे तारे दुर्बिणीतून केव्हा वेगळे दिसतील, याची त्यांनी १८७९ मध्ये सांगितलेली कसोटीही याच विवर्तनावर आधारलेली आहे.

सूर्यास्ताच्या छायाचित्रातील चांदणीसारखे किरण याच विवर्तनाने उमटतात. कॅमेऱ्याच्या आतील छिद्र पात्यांनी बनलेले असते आणि त्या पात्यांच्या सरळ कडांवर प्रकाश वळून पसरतो. रंगीत ठिपक्यांचे कारण वेगळे आहे. कॅमेऱ्यात एकामागे एक अनेक भिंगे असतात. तीव्र सूर्यप्रकाशाचा थोडा अंश त्यांच्या पृष्ठभागांवरून आतल्या आत परावर्तित होतो आणि ठिपक्यांच्या रूपाने चित्रावर पडतो. कॅमेरा किंचित हलवला, की हे ठिपके जागा बदलतात. आकाशातील खरी वस्तू भोवतालच्या दृश्याच्या संदर्भात आपली जागा सोडत नाही. खरे-खोटे पारखण्याची ही सोपी खूण आहे.

चपटे सूर्यबिंब मात्र कॅमेऱ्याचा दोष नसून हवेची करामत आहे. हवा खालच्या थरांत दाट आणि वर विरळ असते. त्यामुळे प्रकाशकिरणांचे वक्रीभवन होते आणि सूर्य प्रत्यक्षाहून थोडा वर उचललेला दिसतो. क्षितिजापाशी हे उचलणे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक, म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीहून किंचित जास्तच असते. म्हणूनच बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा वातावरण नसते, तर सूर्य पूर्ण मावळलेला असता. खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते आणि बिंब चपटे दिसते. मावळत्या सूर्याच्या वरच्या कडेवर क्वचित क्षणभर हिरवी झळक दिसते. निरनिराळ्या रंगांचे वक्रीभवन कमी-अधिक होत असल्याने शेवटच्या क्षणी वरच्या कडेचा निळा-हिरवा अंश उरतो. त्यातील निळा विखुरला जातो आणि हिरवा दिसतो. हा हिरवा प्रकाश वातावरणामुळेच निर्माण होतो, हे रॅले यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १९३० मध्ये विशद केले.

रॅले यांच्या काटेकोरपणाचा सर्वांत मोठा विजय हवेच्याच अभ्यासात झाला. वायूंची घनता मोजताना त्यांना आढळले, की हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो. फरक हजारात सुमारे पाच भागांचा होता. प्रयोगातील चूक म्हणून कोणीही तो सोडून दिला असता. रॅले यांनी मोजमाप पुन्हापुन्हा केले, फरक जाईना. १८९२ मध्ये त्यांनी ही अडचण जाहीरपणे मांडली आणि रसायनशास्त्रज्ञांकडे मार्गदर्शन मागितले. स्वतःला न सुटलेले कोडे चारचौघांपुढे ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. विल्यम रॅम्से हे शास्त्रज्ञ त्यांच्या साहाय्याला आले आणि १८९४ मध्ये दोघांनी हवेत दडलेला एक नवा वायू शोधून काढला. त्याचे नाव आरगॉन. हवेचा जवळजवळ शंभरावा भाग या वायूचा आहे आणि तोवर तो श्वासाश्वासाला सर्वांच्या आत-बाहेर करत असूनही अज्ञात राहिला होता. या कार्याबद्दल १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॅले यांनी पारितोषिकाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला दिली.

मॅक्सवेल यांच्या पत्राला मिळायचे उत्तर अद्याप बाकी होते. ते रॅले यांनी १८९९ मध्ये, म्हणजे पत्रानंतर २६ वर्षांनी दिले. या उत्तरासाठी त्यांनी घेतलेल्या दाखल्यांपैकी एक भारतभूमीवरचा होता. दार्जिलिंगच्या परिसरातून सुमारे १६० किलोमीटर दूर असलेले एव्हरेस्ट शिखर बऱ्यापैकी उजळ दिसते. मधल्या हवेने प्रकाश फार विखुरला असता, तर शिखर दिसेनासे झाले असते. दिलेल्या जागेत हवेचे रेणू संख्येने थोडे असते, तर गणितानुसार विखुरणे फार झाले असते. तेव्हा शिखर दिसते, यावरूनच हवेतील रेणूंची संख्या निदान किती असली पाहिजे, याचा अंदाज त्यांना बांधता आला. धूळ किंवा इतर कण मुळीच नसले, तरी केवळ हवेच्या रेणूंमुळे आकाश निळे दिसेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका पर्वताच्या दर्शनातून अदृश्य रेणूंची गणती व्हावी, ही विज्ञानाच्या इतिहासातील विलक्षण घटना होय.

रॅले यांच्या नियमालाही मर्यादा आहे. कण तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असले, तरच तो लागू पडतो. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याची धूळ वातावरणात दूरवर पसरली. त्यानंतर कित्येक महिने जगभर भडक तांबडे सूर्यास्त दिसले. पण सप्टेंबर महिन्यात दक्षिण भारतात सूर्य चक्क हिरवट-निळसर दिसला. कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा असला, की असा उलटा परिणामही संभवतो. अशा मोठ्या कणांचे गणित १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी मांडले. सूर्य मावळल्यावर माथ्यावर टिकून राहणाऱ्या गडद निळाईत ओझोन वायूचाही मोठा वाटा आहे, हे १९५३ मध्ये स्पष्ट झाले.

रॅले यांचे एक मतही पुढे बदलावे लागले आणि ते काम एका भारतीयाने केले. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅले मानत. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सागरप्रवासात समुद्राचे निरीक्षण केले. पाण्यावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश विशिष्ट उपकरणाने अडवला, तरी समुद्र निळाच दिसला. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असे रामन यांनी दाखवले. याच वाटेने जात त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला सुप्रसिद्ध शोध लावला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवले. रॅले यांनी घातलेल्या पायावर उभे राहूनच रामन यांनी रॅले यांची चूक दुरुस्त केली.

मानसन्मान रॅले यांच्याकडे चालून आले. १९०५ ते १९०८ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९०८ पासून अखेरपर्यंत त्यांनी केंब्रिज विद्यापीठाचे कुलपतिपद भूषवले. तरीही टर्लिंगच्या प्रयोगशाळेतील साध्या, घरीच जुळवलेल्या उपकरणांवर काम करण्यातच त्यांचे मन रमत असे. चारशेहून अधिक शोधनिबंध त्यांनी लिहिले. ३० जून १९१९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळापर्यंत त्यांचे लेखन चालूच होते.

नाजूक प्रकृती, इस्टेटीचा व्याप आणि समाजाच्या अपेक्षा यांपैकी कशानेही रॅले यांची जिज्ञासा मंदावली नाही. सूर्यास्त तर मानव पृथ्वीवर आला तेव्हापासून पाहत आला होता. रॅले यांनी त्या रंगांमागचा हिशेब मांडला आणि त्यामुळे सूर्यास्ताचे सौंदर्य उणावले नाही. उलट, क्षितिजावर टेकलेल्या लाल बिंबाकडे पाहताना आपण हवेच्या असंख्य रेणूंचे कार्यच पाहत आहोत, ही नवी जाण त्या दर्शनाला मिळाली.